भाव किती, त्याआधी भाव कशाचा

मार्च संपत आला की मोबाइलवर तो निरोप ठरल्यासारखा येतो: एक एप्रिलपासून औषधं महागणार, आत्ताच भरून ठेवा. धसईच्या बाजारात माझं मेडिकल आहे, त्यामुळे निरोपाचा परिणाम मला लगेच गल्ल्यावर दिसतो. महिन्याच्या गोळ्या नेणारी माणसं तीन महिन्यांच्या मागायला लागतात, तीही कुणाकडून तरी उसने पैसे घेऊन. दुकानदार म्हणून मला त्यात फायदाच आहे. तरी सांगते, तो निरोप पुष्कळदा अर्धाच खरा असतो.

खरा अर्धा भाग असा. अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतल्या औषधांची कमाल किंमत केंद्राचं राष्ट्रीय औषध मूल्यनिर्धारण प्राधिकरण, म्हणजे एनपीपीए, ठरवतं आणि दर एप्रिलला ती घाऊक किंमत निर्देशांकाप्रमाणे बदलते. 2022 मध्ये 10.77 टक्के आणि 2023 मध्ये 12.12 टक्के वाढीची मुभा मिळाली. तो चटका खराच होता. 2024 मध्ये मात्र वाढ होती 0.00551 टक्के. तरीही 12 टक्क्यांच्या बातम्या त्या वर्षीही फिरल्या आणि केंद्राला खुलासा करावा लागला, की 782 औषधांच्या कमाल किमतीत काहीच फरक नाही आणि 54 औषधांत वाढ आहे ती एका पैशाची. 2025 मध्ये वाढ 1.74 टक्के. 2024 मध्ये फिरत होता तो 12 टक्क्यांचा आकडा आदल्या सालाचा होता, पण आपल्याकडे निरोपावरचं साल बघतो कोण?

साल उलटंही फसवतं. मधुमेहावरच्या एम्पाग्लिफ्लोझिन या औषधाचं पेटंट मार्च 2025 मध्ये संपलं. साठ रुपयांच्या आसपास मिळणारी गोळी काही कंपन्यांनी दहा रुपयांच्या आत आणली. त्याआधी कुणी इंटरनेटवर लिहून ठेवलेला भाव तेव्हा बरोबर होता, आज तो वाचून कुणी गोळी परवडत नाही म्हणून सोडून दिली तर नुकसान त्याचं.

दुसरी गोष्ट मोजणीची. बीपीची गोळी नेणाऱ्या एक मावशी आहेत. एकदा त्यांनी मोबाइल माझ्यासमोर धरला. "ताई, पोरानं कल्याणवरून पाठवलंय. हीच गोळी नव्वद रुपयाला आहे. तू एकशेतीस घेतेस." स्वर भांडणाचा नव्हता, पण दुखावलेला होता. फोटो मोठा करून पाहिला. औषध तेच, 40 मिलिग्रॅमही तेच. पण फोटोतली स्ट्रिप दहा गोळ्यांची आणि मावशींच्या हातातली पंधराची. खोक्याच्या पुठ्ठ्यावर लिहून दाखवलं: नव्वद भागिले दहा, गोळीला नऊ रुपये, एकशेतीस भागिले पंधरा, आठ रुपये सदुसष्ट पैसे. मावशींनी पुठ्ठा मागून घेतला. म्हणाल्या, "त्यालाच दाखवते." नावापुढे एखादं अक्षर असतं तर हा हिशेबही बाद झाला असता. टेल्मिसार्टन 40 आणि टेल्मिसार्टन 40 एच ही एक गोळी नव्हे. 'एच' म्हणजे आत आणखी एक औषध आहे.

इन्सुलिनमध्ये हा गोंधळ जिवावर बेततो. आपल्याकडे 10 मिलीची बाटली बहुधा 40 युनिटची असते, म्हणजे एका मिलीत 40 युनिट, एकूण 400. पेनमध्ये घालायचं 3 मिलीचं कार्ट्रिज 100 युनिटचं, एकूण 300. बाटली आणि कार्ट्रिजचा भाव शेजारी शेजारी ठेवून उपयोग नाही, युनिटला किती पडतं ते काढावं लागतं. आणि स्वस्त दिसलं म्हणून 40 च्या जागी 100 ची बाटली आणून तीच लाल टोपीची सिरिंज वापरली, तर डोस अडीचपट जातो. 100 च्या बाटलीला केशरी टोपीची सिरिंज लागते. भाव दाखवणाऱ्या किती पानांवर हे लिहिलेलं असतं?

मग विश्वास कुणावर ठेवायचा? सर्वात भरवशाचा आकडा सरकारी आहे. एनपीपीएचं 'फार्मा सही दाम' नावाचं ॲप 2016 पासून आहे. त्यात औषधाचं नाव टाकलं की कमाल किंमत दिसते. पण ती एका गोळीची आणि जीएसटी सोडून. समजा गोळीला 7 रुपये मर्यादा आहे. पंधराच्या स्ट्रिपचे 105, त्यावर 5 टक्के कर, म्हणजे 110 रुपये 25 पैसे. एवढं गणित न करता गिऱ्हाईक फक्त 7 चा आकडा वाचतं आणि दुकानदाराला चोर ठरवतं. शिवाय ही कमाल किंमत यादीतल्या औषधांपुरतीच. यादीबाहेरच्या औषधाची किंमत कंपनी ठरवते. बंधन इतकंच, की वर्षात 10 टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायची नाही. त्यामुळे एखाद्या औषधाला कमाल किंमत सापडली नाही म्हणून कुणी लुबाडतंय असं होत नाही.

करानंही 22 सप्टेंबर 2025 पासून घोळात भर घातली. बहुतेक औषधांवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला, काही जीवरक्षक औषधांवरचा पूर्ण गेला. पण दुकानांत पडलेल्या मालावर जुनीच छापील किंमत होती. कंपन्यांच्या नव्या यादीप्रमाणे आम्ही कमी पैसे घ्यायचे, असं ठरलं. इंटरनेटवरचा भाव, स्ट्रिपवरचा भाव आणि बिलावरचा भाव असे तीन आकडे एकाच गोळीचे, आणि त्यातला बिलावरचा बरोबर! उलट छापील किमतीवर "जीएसटी वेगळा" म्हणणारा दुकानदार मात्र सरळ खोटं बोलतो. एमआरपीत कर धरलेलाच असतो.

'80 टक्के सूट' ही पाटी दिसली की मी आधी विचारते, सूट कशावर? काही जेनेरिक औषधांवर छापील किंमतच फुगवलेली असते. ती वर असली की सूट दांडगी दिसते आणि आमचा नफाही दांडगा राहतो. हे मी दुकानदार असून सांगते, तेव्हा माझ्याही शब्दावर विसंबू नका, गोळीला किती पडतं ते स्वतः काढा. तुलना करायची तर जनऔषधी केंद्राच्या भावाशी करा. 2022 मध्ये सिटाग्लिप्टिनचं पेटंट संपल्यावर त्या केंद्रांत 50 मिलिग्रॅमच्या दहा गोळ्या 60 रुपयांना आल्या. ही खरी स्वस्ताई, कारण तिथे फुगवलेला आकडा मध्ये नाही.

पण स्वस्त पर्याय सापडला तरी मी तो हातात ठेवू शकत नाही. डॉक्टरांनी चिठ्ठीत लिहिलेल्या ब्रँडऐवजी दुसरं देण्याची परवानगी औषध नियम आम्हाला देत नाहीत, आतलं औषध तेच असलं तरी. त्यासाठी पुन्हा डॉक्टरांकडे जावं लागतं. औषधाचं मूळ नाव स्वच्छ आणि शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावं, असं वैद्यकीय परिषदेच्या नियमात 2016 पासून आहे. चिठ्ठ्या पाहिल्यात तर तो नियम कागदावरच आहे हे कळेल.

आणि एक भाव मोबाइलवर कधीच दिसत नाही: शून्य. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत आहेत. बीपी-शुगरच्या साध्या गोळ्यांसाठी आधी सरकारी आरोग्य केंद्रात विचारा. तिथे मिळाल्या तर माझ्याकडे यायची गरज नाही.

धसईकडे एकदा अख्ख्या महाराष्ट्राचं लक्ष गेलं होतं. 1 डिसेंबर 2016 रोजी तेव्हाचे अर्थमंत्री सुधीर मुनगंटीवार इथे आले आणि राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून आमची घोषणा झाली. भाजीवाल्यापासून वडापाववाल्यापर्यंत कार्डाची मशीन आली, कॅमेरे आले. फोनवरून पैसे कसे द्यायचे ते पुढे सगळेच शिकले. पण ज्याचे पैसे देतोय त्याचा भाव फोनवर कसा वाचायचा, हे शिकवायला कुणी आलं नाही. पैसे पटकन देता येणं ही दुकानदाराची सोय. भाव तपासता येणं ही गिऱ्हाइकाची सोय, आणि ती मागेच राहिली.

औषध किंमत नियंत्रण आदेशानुसार प्रत्येक दुकानदारानं किंमत यादी दिसेल अशा जागी लावायची असते. कित्येक दुकानांत ती फायलीत असते, आणि लावली तरी कोण वाचणार? माझी मागणी त्याहून साधी आहे. सर्वाधिक खपणाऱ्या बीपी, शुगर, थायरॉइड, दमा यांच्या औषधांची एकपानी मराठी यादी अन्न व औषध प्रशासनानं दर एप्रिलला काढावी: औषधाचं मूळ नाव, किती मिलिग्रॅम, एका गोळीची करासह कमाल किंमत, आणि वर ठळक तारीख. ती माझ्या दुकानाच्या काउंटरवर, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर आणि आरोग्य केंद्राच्या भिंतीवर लागावी. खाली एनपीपीएचा मोफत क्रमांक 1800 111 255 छापावा, म्हणजे जास्त घेणाऱ्या दुकानदाराची तक्रार करता येईल. त्यात मीही आले.

तोवर मोबाइलवर कोणताही भाव आला की चार गोष्टी बघा: कोणत्या सालचा, किती गोळ्यांचा, कर धरून की सोडून, आणि नेमक्या त्याच औषधाचा का. चारांतल्या एकाचंही उत्तर नसेल तर तो भाव पुढे पाठवू नका, आणि त्याच्या भरवशावर गोळी तर मुळीच बंद करू नका.