संकेतस्थळांची साखळी

आमच्या एका वाचक भगिनी लिहितात कीं, त्यांच्या पुतण्यानें जुन्या नाण्यांविषयीं मोठ्या हौसेनें एक संकेतस्थळ उघडलें आहे. परंतु शोधयंत्रें त्याची दखल घेत नाहींत आणि महिनेच्या महिने तिकडे कोणी फिरकत नाहीं. पोर हिरमुसलें आहे. यास उपाय काय? उपाय जुना आहे. त्याचें नांव ‘वेबरिंग’.

एकाच विषयाचीं दहा-वीस संकेतस्थळें एकमेकांस जोडून घ्यावयाचीं. पहिल्यावर दुसऱ्याचा दुवा, दुसऱ्यावर तिसऱ्याचा आणि शेवटच्यावर पुन्हां पहिल्याचा, अशी ही साखळी. वाचक कोठूनहि आंत शिरला तरी ‘पुढील’ दाबीत दाबीत सर्वांच्या दारांवरून फिरून मूळ जागीं येतो. एकच मासिक चार बिऱ्हाडांनीं आळीपाळीनें वाचावें, तसाच हा प्रकार. फरक इतकाच कीं, येथें मासिक जागच्या जागीं राहतें आणि वाचक फिरतो.

लंडनच्या इंपीरियल कॉलेजांत डेनिस हाउ यांनीं १९९४ सालीं ‘युरोपा’ या नांवानें अशा साखळीचा आरंभ केला. मात्र हातानें जोडलेल्या साखळींत एक उणीव असते. एका गृहस्थानें कंटाळून आपलें स्थळ बंद केलें कीं तेथेंच वाट खुंटते. अमेरिकेंतील ऑरिगन प्रांतांत सेज वाइल या तरुणानें १९९५ च्या सुमारास यावर युक्ति काढली. सभासदांची यादी एका मध्यवर्ती संगणकावर ठेवावयाची. दुवा थेट शेजाऱ्याकडे न जातां त्या संगणकाकडे जातो आणि तो यादी पाहून वाचकास पुढील चालू स्थळाकडे धाडतो.

सभासद होणें कठीण नाहीं. चालकाकडे स्थळाचें नांव, पत्ता व दोन ओळींचें वर्णन पाठवावें. विषय जुळतो असें पाहून तो एक लहानसा मजकूर देतो. तो आपल्या पानांत घातला कीं ‘मागील’, ‘पुढील’, ‘यादी’ अशी पट्टी उमटते. ती दिसूं लागल्यावर चालक नांव यादींत चढवितो. कित्येक चतुर मंडळी ही पट्टी कोठेंतरी आडबाजूच्या पानावर दडवितात. शेजाऱ्यांचे वाचक घ्यावयाचे आणि आपले द्यावयाचे नाहींत, ही रीत आम्हांस शोभादायक वाटत नाहीं.

खरा धोका निराळाच आहे. यादी ज्याच्या हातीं, साखळी त्याची! वाइल यांचा उद्योग आधीं एका कंपनीकडे, नंतर १९९८ सालीं जिओसिटीजकडे आणि तिच्यासह १९९९ सालीं याहूकडे गेला. सप्टेंबर २००० मध्यें याहूनें सारी व्यवस्थाच बदलली. वर्षानुवर्षें जोपासलेल्या साखळ्यांवर चालकांचा पूर्वीसारखा अधिकार उरला नाहीं आणि पुष्कळ जण रागावून निघून गेले. पुढल्याच वर्षीं याहूनेंहि त्यांतून अंग काढून घेतलें.

अलीकडे हौशी मंडळींनीं लहान लहान साखळ्या पुन्हां सुरू केल्या आहेत. अर्ज करण्यापूर्वीं पुतण्यानें चालकास एवढेंच विचारावें कीं, यादीची प्रत सभासदांस मिळते काय? मिळत नसल्यास चार-पांच नाणेसंग्राहकांनीं आपसांतच साखळी जोडावी. तेवढी यादी हातानेंहि सांभाळतां येते.