गाणं ऐकायचं की मतं मोजायची?

आधीच सांगते, हे वाचून काही जण रागावणार आहेत आणि त्यातले निम्मे माझ्या नात्यातले असणार. त्याला इलाज नाही. बरेच दिवस डोक्यात साठलंय, ते आज लिहून टाकते.

माझं म्हणणं एवढंच आहे की गाण्याच्या स्पर्धेत प्रेक्षकांची मतं मागायला सुरुवात झाली की ती निवडणूक होते. निवडणुकीला माझी ना नाही, पण मग तिला निवडणूकच म्हणा. "महाराष्ट्राचा आवाज", "देशाचा आवाज" वगैरे भारदस्त नावं देऊ नका.

जरा मागे जाऊ. इंडियन आयडॉल २००४ मध्ये सुरू झालं आणि मार्च २००५ मध्ये आपला अभिजीत सावंत पहिला आयडॉल झाला. आपण सगळे केवढे खूश होतो! पण छातीवर हात ठेवून सांगा, ज्यांनी ज्यांनी एसेमेस केले त्यांनी अभिजीतच्या सुरांना मत दिलं की त्याच्या आडनावाला? अमित सानाचं गाणं नीट ऐकून, दोघांची तुलना करून मग मोबाईल हातात घेतला असं किती घरांत झालं? (आमच्या घरात तरी नाही.) आसामच्या लोकांनी सारेगमप चॅलेंज २००५ मध्ये देबोजितसाठी हेच केलं आणि काश्मीरच्या काझी तौकीरला फेम गुरुकुलमध्ये असंच उचलून धरलं गेलं. शंकर महादेवन आणि केके यांच्यासारखे परीक्षक समोर बसलेले, आणि निकाल मात्र मोबाईलवर लागायचा.

त्याच फेम गुरुकुलमधून २००५ मध्ये अरिजित सिंग नावाचा एक मुलगा बाहेर पडला होता. हे उदाहरण मतांच्या विरोधात हमखास दिलं जातं - "बघा, लोकांनी कोणाला घालवलं!" मला ते उदाहरण अजिबात पटत नाही. अरिजित पुढे एवढा लोकप्रिय झाला म्हणून तेव्हाचा निकाल चूक, असं म्हणताना आपण पुन्हा लोकप्रियतेचीच पट्टी लावतो ना? तो प्रसिद्ध झाला नसता, मुर्शिदाबादला शिकवण्या घेत राहिला असता, तर तो निकाल बरोबर ठरला असता का? त्याचा गळा तर तोच राहिला असता.

खरी गंमत, म्हणजे गंमत कसली, २००७ साली झाली. तिसऱ्या इंडियन आयडॉलच्या अंतिम फेरीत दोघेही पूर्वेकडचे. दार्जिलिंगचा प्रशांत तमांग आणि शिलाँगचा अमित पॉल. प्रशांत कोलकाता पोलिसांत हवालदार होता, पोलिसांच्या ऑर्केस्ट्रात गायचा. डोंगरातल्या नेपाळी भाषिकांनी त्याच्यासाठी अक्षरशः मोहीम उघडली. वर्गण्या, फॅन क्लब, एसेमेस पाठवायला बसलेली मुलं. त्याला सुमारे ७ कोटी मतं पडल्याचं तेव्हा बातम्यांत आलं. आता २०११ च्या जनगणनेत अख्ख्या दार्जिलिंग जिल्ह्याची लोकसंख्या १८ लाखांच्या आसपास होती, तीही सिलिगुडी धरून. सिक्कीम, आसाम, नेपाळ आणि जगभरचे चाहते मिळवले तरी एकेका माणसाने किती मतं दिली असतील याचा हिशोब करा. इथे एक माणूस एक मत नव्हतंच, जेवढे पैसे तेवढी मतं! साध्या निवडणुकीत याला काय म्हणतात ते आपल्याला ठाऊक आहे.

२३ सप्टेंबर २००७ ला प्रशांत जिंकला. त्यानंतर दिल्लीतल्या एका रेडिओ जॉकीने त्याच्यावर आणि एकूणच नेपाळी लोकांवर एक हलकट विनोद केला. सिलिगुडीत मोर्चा निघाला, दंगल झाली, सैन्य बोलवावं लागलं. गाण्याच्या कार्यक्रमासाठी! आणि ऑक्टोबरमध्ये, प्रशांतच्या मोहिमेत पुढे असलेल्या बिमल गुरुंग यांनी गोरखा जनमुक्ती मोर्चा काढला. वेगळ्या गोरखालँडची मागणी नव्याने पेटली. ज्या सुभाष घिसिंग यांनी वीसएक वर्षं डोंगरावर राज्य केलं, त्यांना २००८ मध्ये पायउतार व्हावं लागलं.

या सगळ्यात प्रशांतचं गाणं कुठे आहे? कुठेच नाही.

थांबा, दुसरी बाजूही सांगते, नाहीतर म्हणाल ही एकतर्फी लिहिते. शिलाँगमध्ये आदिवासी आणि बिगरआदिवासी यांच्यात वर्षानुवर्षं तेढ. अमित पॉल बंगाली. त्याच्यासाठी खासी लोक रस्त्यावर उतरले आणि मेघालय सरकारने त्याला शांततेचा आणि जातीय सलोख्याचा दूत नेमलं. ज्या शहरात बंगाल्यांना "परके" म्हणून हिणवलं गेलं, तिथे एक बंगाली पोरगा सगळ्यांचा झाला. हे लहान काम नाही. आणि दार्जिलिंगच्या लोकांचंही चुकलं असं मी म्हणणार नाही. ज्यांना आयुष्यभर "तुम्ही नेपाळचे का?" असं विचारलं जातं, त्यांना देशभर दिसणाऱ्या पडद्यावर आपला माणूस दिसला. ते त्याला मत देणार नाहीत तर कोणाला देणार?

पण म्हणूनच म्हणते, त्या लोकांनी आपल्या असण्याला मत दिलं. त्यांची भूक खरी होती. चॅनलने आणि मोबाईल कंपन्यांनी ती भूक एसेमेसच्या दराने विकली आणि वर तिला "संगीताचा निर्णय" असं लेबल लावलं. माझा राग त्या लेबलवर आहे.

तरी तेव्हा एक बरं होतं. अंतिम फेरी झाली की मतदान संपायचं. ऑर्कुटवर दोन कम्युनिट्यांत भांडणं व्हायची आणि पंधरा दिवसांत विझायची. (ऑर्कुट स्वतःच २०१४ मध्ये विझलं.) आता मतदान संपतच नाही. इन्स्टाग्रामवर आकडा चोवीस तास समोर असतो, आणि तो फक्त गाण्याचा नसतो. चेहऱ्याचा असतो, घरच्या गरिबीच्या गोष्टीचा असतो, जोडीचा असतो. २०२०-२१ च्या बाराव्या इंडियन आयडॉलमध्ये पवनदीप आणि अरुणिता दोघेही उत्तम गाणारे, पण आठवड्यामागून आठवडे चर्चा कसली, तर या दोघांचं जमणार का! कार्यक्रमच ती थट्टा चालवत होता आणि चाहते हौसेने व्हिडिओ जोडत होते.

त्याच पर्वात जून २०२१ मध्ये नगरची अंजली गायकवाड बाहेर पडली. शास्त्रीय गाणारी, तयारीची मुलगी. वाईट मलाही वाटलं. पण राग कोणावर निघाला? षण्मुखप्रियावर. "हिला काढा, ही किंचाळते" म्हणून सोशल मीडियावर मोहीम. ती जेमतेम अठरा वर्षांची. आपल्या अंजलीवरचं प्रेम दाखवायला दुसऱ्याच्या मुलीला शिव्या द्यायच्या, हे कुठलं रसिकपण? आणि हे करणाऱ्यांत मराठी माणसं मागे नव्हती.

त्याच वर्षी अमितकुमार यांनी सांगितलं की किशोरकुमारांवरच्या भागात त्यांना सगळ्या मुलांची स्तुती करायला सांगितलं होतं. म्हणजे परीक्षक, पाहुणे खरं बोलणार नाहीत आणि प्रेक्षक आपला माणूस बघून मत देणार. मग त्या पोरांना त्यांचा सूर कुठे हलतो हे सांगणार कोण?

मला खरी काळजी इथे आहे. आमच्याच नात्यातली एक मुलगी, वय चौदा, गोड गळा. एका स्पर्धेचा अर्ज भरला, त्यात फॉलोअर्स किती असा रकाना होता. त्या दिवसापासून घरात रियाजाची वेळ कमी झाली आणि रीलची वाढली. तीस सेकंदांचा मुखडा, तोही सगळ्यात उंच जागेचा. अंतरा कधी येतच नाही. परवा तिला म्हटलं, पूर्ण गाणं म्हण. तिला दुसरं कडवं पाठ नव्हतं. आणि ग्रुपवर रोज निरोप, "आपल्या पिल्लाला लाइक करा, दहा जणांना पाठवा." मामी, रागावू नका, पण मी ती लिंक पाठवलेली नाही आणि पाठवणारही नाही. तिने बोलावलं तर तासभर समोर बसून ऐकेन. कुठे बेसूर झाली तेही सांगेन. ती मला परकी नाही म्हणूनच.

कोणी म्हणेल, "अगं, जमाना बदलला, आकड्याशिवाय काम मिळत नाही." मग लिटिल चॅम्प्स आठवा. २००९ मध्ये कार्तिकी गायकवाड जिंकली आणि आर्या का नाही, प्रथमेश का नाही, म्हणून घराघरांत वाद झाले. मी स्वतः तावातावाने भांडले आहे. पण त्या मुलांच्या मागे घरचं शिक्षण होतं. आर्याला आई शिकवत होती, कार्तिकीला वडील. २०२१ मध्ये तेच पाच जण, आर्या, कार्तिकी, प्रथमेश, मुग्धा आणि रोहित, त्याच कार्यक्रमात परीक्षकांच्या खुर्चीत बसले. त्यांचे २००९ चे नंबर आज किती जणांना ओळीने सांगता येतील? आकड्याने दार उघडतं हे मान्य. आत गेल्यावर गावंच लागतं.

आणि आवडीवर बंदी घाला असं मी म्हणत नाहीये. आवडता गायक असावा, त्याच्यासाठी भांडावं, त्यात मजा आहे. माझं मागणं साधं आहे. परीक्षकांचे गुण आणि प्रेक्षकांची मतं वेगवेगळी जाहीर करा. एका माणसाला एकच मत द्या. आणि "लोकप्रिय" असं वेगळं बक्षीस ठेवा, खुशाल मोठं ठेवा, पण सर्वोत्तम गाण्याचं बक्षीस ज्यांना गाणं कळतं त्यांनी द्यावं. चॅनलवाले हे करणार नाहीत हे मलाही कळतं, कारण धंदा त्या गोंधळातच आहे.

आपण मात्र एक करू शकतो. पुढच्या वेळी ओळखीच्या कोणाच्या मुलामुलीचं गाणं आलं, तर बदामाचं चित्र दाबून पुढे जाण्याऐवजी शेवटपर्यंत ऐका. मग फोन करून सांगा, कुठली जागा आवडली. एक तरी जागा, नेमकी. ते पोर अशा शंभर लाइक विसरेल, पण ती जागा पुन्हा गाताना तुमची आठवण काढेल.

असो. आता करा भांडायला सुरुवात :-)