विश्लेषण : पोटदुखी, दम्यासाठीही मणका का ‘बसवून’ घेतला जातो?

मान झटक्यात वळते, ‘कट्’ असा आवाज येतो आणि रुग्ण हसतो. कायरोप्रॅक्टिकच्या अशा चित्रफिती बीड तालुक्यातल्या चौसाळ्यातही मोबाइलवर दिसतात. पाठदुखीसोबत पित्त, दमा, निद्रानाशही जाईल, असे दावे त्यात असतात. ते पटतात कसे?

कल्पना नवी आहे का?
नाही. पोट दुखले, जुलाब लागले की ‘बेंबी सरकली’ म्हणत ती बसवून घेण्याची रीत मराठवाड्यात जुनी आहे. सरकलेले जागेवर आणले की दुखणे गेले, हा हिशेब कुणालाही समजतो. कायरोप्रॅक्टिकचा पायाही हाच. डॅनियल डेव्हिड पामर यांनी १८९५ मध्ये अमेरिकेतील डॅव्हनपोर्टमध्ये हार्वी लिलार्ड या सफाई कामगाराचा मणका दाबून बहिरेपण घालवल्याचा दावा केला. सुरुवातच सांध्याने नव्हे, कानाने झाली! वास्तविक ऐकण्याची नस कानातून थेट मेंदूत जाते. पाठीच्या मणक्यांशी तिचा संबंध नाही.

बीडमध्ये ओढ का वाटावी?
ऊसतोडीच्या मोळ्या वाहून इथे कंबर लवकर जाते. त्यातच राज्य सरकारच्या समितीला २०१९ मध्ये जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढल्याचे आढळले. अशा जिल्ह्यात पोटदुखी घेऊन दवाखान्यात जाताना ‘ऑपरेशनच सांगतील’ ही धास्ती असली तर नवल नाही. मणका बसवणारा चिरत नाही, हात लावतो, विचारपूस करतो. दोन मिनिटांत उरकणाऱ्या तपासणीपुढे हे मोठेच.

गुण येतो तो कशाने?
कंबरदुखीत काहींना थोडा आराम मिळतो. मानेतून उठणारी डोकेदुखीही कधी हलकी होते. जुलाब बहुतेकदा दोन-चार दिवसांत आपोआप थांबतात. श्रेय मात्र बेंबी बसवणाऱ्याला जाते. दमा, रक्तदाब, अर्धशिशी, पाळीतील वेदना यांवरच्या चांगल्या चाचण्यांचा आढावा २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मणक्याच्या उपचाराने फायदा होतो, असा पुरावा मिळाला नाही.

धोका कुठे?
मानेला झटका दिल्याने क्वचित रक्तवाहिनी फाटून पक्षाघात होतो. त्याहून नेहमीचे नुकसान वेळेचे. छातीतली कळ ‘नस दबली’ म्हणून चोळत बसले, तर हृदयविकारातले मोलाचे तास जातात. अपेंडिक्सचेही तसेच. छातीत कळ, दम लागणे, बोलताना जीभ अडखळणे किंवा एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे यापैकी काहीही झाले, तर आधी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.