रविवारचे पाहुणे

शिकागोजवळच्या विलो क्रीक चर्चचा आरंभ १९७५ साली एका चित्रपटगृहात झाला. अशा इव्हँजेलिकल चर्चमध्ये पाहुण्यास मूर्ती वा मेणबत्त्यांपेक्षा रंगमंच, गिटार आणि पडद्यावर उमटणारे गीतांचे शब्द आधी दिसतात. पादत्राणे काढावी लागत नाहीत. दानाची थैली फिरते. पाहुण्याने तीत काही टाकलेच पाहिजे असे नाही.

खरा प्रसंग पुढचा. प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरस म्हणजे आपल्याकडचा प्रसाद नव्हे. ती ख्रिस्तावरील श्रद्धेची कबुली असते. केवळ शिष्टाचारापोटी ती घेणे यजमानांनाही रुचत नाही. ख्रिस्ताला स्वीकारू इच्छिणाऱ्यांना पुढे बोलावले जाते, तेव्हाही स्वस्थ बसून राहणे अवमान ठरत नाही. बाहेर पडताना निमंत्रण मात्र पुन्हा मिळते, बहुधा कॉफीसह.