थोडे, अल्प आणि गुंजभर

शालेय व्याकरणात ‘थोडे’ हा शब्द ‘सर्व’, ‘काही’, ‘इतर’ यांच्या शेजारी अनिश्चित संख्याविशेषणांत बसविलेला असतो, आणि पर्यायी शब्द देताना त्याच्यापुढे ‘अल्प, किंचित, जरासे, कमी’ अशी रांग लावली जाते. ही रांग पाहून हे शब्द एकमेकांच्या जागी खुशाल चालतात असा समज होतो. प्रस्तुत लेखकाच्या मते हा समज मराठीच्या अध्यापनाला, आणि त्याहून अधिक भाषांतराला, बाधक ठरला आहे.

इंग्रजीत मोजता येणाऱ्या वस्तूंना ‘फ्यू’ आणि न मोजता येणाऱ्यांना ‘लिटल’ असे दोन शब्द लागतात. त्यांच्याआधी ‘अ’ हे उपपद आले की उणिवेचा सूर जाऊन ‘काही तरी आहे’ असा भाव येतो. मराठीत ‘थोडी माणसे’ आणि ‘थोडे दूध’ यांचे काम एकाच शब्दावर भागते. उणीव दाखवायला ‘च’ हे एक अक्षर पुरते. ‘थोडे पाणी आहे’ म्हणणारा घागर पुढे करतो, ‘थोडेच पाणी आहे’ म्हणणारा ती मागे ओढतो. ‘मी थोडाच येणार आहे!’ या वाक्यात तर अल्पत्व उरतच नाही, निव्वळ नकार उरतो. ‘किंचित’ची प्रकृती निराळी. ते गुणाला चिकटते: किंचित आंबट, किंचित वाकडे. ‘किंचित माणसे’ असे कोणी म्हणत नाही. आणि पंगतीतले ‘जरा भात वाढा’ ऐकून वाढपी हात आखडत नाही, कारण तेथे ‘जरा’ भाताला नव्हे, विनंतीला लागलेले असते.

राजगडाच्या पायथ्याच्या गुंजवणे या गावाच्या नावात ‘गुंज’ ऐकू येते. ग्रामनामाची व्युत्पत्ती नुसत्या कानावर ठरवू नये, म्हणून त्या वाटेला जात नाही; शब्दाची आठवण मात्र येथे उपयोगाची आहे. गुंज ही वेलीवरची तांबडी-काळी बी. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. म्हणजे तोळ्यात 96 गुंजा, आणि आजच्या मापाने एक गुंज सुमारे 0.12 ग्रॅम. सराफाच्या तराजूत ‘गुंजभर’ ही अतिशयोक्ती नव्हती, ते नेमके वजन होते. तसू हा गजाचा चोविसावा भाग, चिपटे हा शेराचा चौथा. 1956 च्या वजनमापांच्या कायद्याने दशमान पद्धतीचा मार्ग मोकळा केल्यावर ही मापे व्यवहारातून हळूहळू निघून गेली. त्यांतील काही शब्द पूर्वीही नकाराच्या संगतीत येत असत. आता त्यांना तोच एक आसरा उरला आहे. ‘तसूभरही ढळला नाही’, ‘रतिभर फरक नाही’ हे सहज बोलले जाते. ‘तो तसूभर ढळला’ हे वाक्य कानाला अर्धवट वाटते. चिमूट, मूठ, ओंजळ, पसा यांना नकाराची गरज पडत नाही, कारण ती मापे अजून प्रत्येकाच्या हाती आहेत. त्यांतही ‘मूठभर’ माणसांना लागले की माप राहत नाही. गडकोटांच्या इतिहासात ‘मूठभर मावळे’ हा गौरव असतो, तर अग्रलेखातील ‘मूठभरांची मक्तेदारी’ हा आरोप.

शासकीय मराठीत हा प्रश्न केवळ शैलीचा राहत नाही. एक ते दोन हेक्टर जमीन असणाऱ्याला इंग्रजीत ‘स्मॉल’ आणि एक हेक्टरच्या आतल्याला ‘मार्जिनल’ शेतकरी म्हणतात. मराठीने ‘अल्पभूधारक’ आणि ‘अत्यल्पभूधारक’ असे शब्द केले. पहिला शब्द मूळ शब्दापेक्षा सरस आहे असे माझे मत आहे. ‘लहान शेतकरी’ म्हटले असते तर ‘लहान तोंडी मोठा घास’ म्हणणाऱ्या भाषेत तो माणूसच लहान ठरला असता. मराठीने लहानपण माणसावरून उचलून जमिनीवर ठेवले. दुसऱ्या शब्दाने मात्र घोटाळा केला. ‘मार्जिनल’ म्हणजे कडेवरचा, जरा तोल गेला तर शेतीबाहेर पडणारा. ‘अत्यल्प’मध्ये ही कड दिसत नाही, फक्त ‘अल्प’ची पुढची पायरी दिसते. भोर-वेल्ह्याकडच्या डोंगरउतारांवर भातखाचरांचा हिशेब गुंठ्यांत चालतो, आणि एका हेक्टरात सुमारे 99 गुंठे बसतात. पाच गुंठ्यांचा धनी आणि पंचाण्णव गुंठ्यांचा धनी दोघेही कागदावर सारखेच ‘अत्यल्प’. काही ठिकाणी वापरला जाणारा ‘सीमांत’ हा पर्याय कडेचा अर्थ राखतो खरा, पण ऐकणाऱ्याला बांध नाही तर देशाची सरहद्द आठवते.

कोशकारांनी अशा नोंदींपुढे पर्यायांची रांग लावण्याऐवजी एवढे तरी नोंदवावे: शब्द वस्तूला लागतो की गुणाला, नकाराशिवाय तो उभा राहतो का, आणि माणसाला लागला तर त्याचा मान राखतो की घटवतो. ‘गुंज’पुढे तिचे वजन ग्रॅममध्येही द्यावे, तोळा म्हणजे सरळ दहा ग्रॅम असे समजणाऱ्या आजच्या वाचकाला 96 गुंजांचा हिशेब त्याशिवाय जुळणार नाही.