सभासदत्व गेल्यास शेतकऱ्याने काय करावे?

गावच्या सोसायटीतून एखाद्या सभासदास काढून टाकले, म्हणजे तो बहुधा दोहोंपैकी एक गोष्ट करतो. एक तर अपमान झाला म्हणून घरी बसतो, नाही तर चावडीवर चेअरमनास चार शब्द सुनावून मोकळा होतो. दोहोंनीही त्याचे काम होत नाही. तीस वर्षे महसूल खात्यात कारकुनी केल्यावर माझे असे मत झाले आहे की, पुष्कळ शेतकरी आपला हक्क गमावतात ते केवळ हाती कागद नसल्यामुळे.

आमच्या तालुक्यातील एका गृहस्थांनी वार्षिक सभेत खतखरेदीचा हिशेब मागितला. पुढच्या सभेत ‘ऐन वेळचे विषय’ या सदराखाली, ते गैरहजर असता, त्यांस काढण्याचा ठराव मंजूर झाला. पत्र हाती येताच त्यांनी रागाच्या भरात ते फाडून टाकले! पेरणीच्या तोंडावर पीककर्ज नाकारले गेले, तेव्हा ते माझ्याकडे आले. ठरावाची नक्कल मिळविण्यातच हंगाम गेला.

वास्तविक असा ठराव टिकण्यासारखा नव्हता. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० याचे कलम ३५ पाहावे. सभासदास काढण्याचा अधिकार पंचकमिटीस नाही. त्या कामासाठी भरलेल्या सर्वसाधारण सभेत, हजर असलेल्या व मताधिकार असलेल्या सभासदांपैकी निदान तीन चतुर्थांशांनी ठराव मंजूर करावा लागतो. सन १९६१ च्या नियमांप्रमाणे त्या सभासदास लेखी नोटीस द्यावी लागते आणि नोटिशीपासून एक महिना होण्यापूर्वी ती सभा घेता येत नाही. त्याचे म्हणणे सभेने ऐकून घेतले पाहिजे. एवढे होऊनही ठराव मंजुरीसाठी निबंधकाकडे पाठवावा लागतो, आणि त्याची मंजुरी मिळेपर्यंत, किंवा त्याने काहीच न कळविल्यास तीन महिन्यांची मुदत संपेपर्यंत, तो अमलात येत नाही. तोवर तो सभासद सभासदच असतो. ही शेवटची गोष्ट फारच थोड्यांस ठाऊक असते, आणि कारभारी मंडळी ती आपण होऊन सांगत नाहीत.

तेव्हा नोटीस आल्यास तिचे लेखी उत्तर द्यावे व पोहोच घ्यावी. सभेस अवश्य जावे. ठराव झालाच, तर निबंधकाकडे मंजुरीपूर्वीच आपला आक्षेप सविस्तर पाठवावा. मंजुरी मिळाल्यास हुकूम कळल्यापासून दोन महिन्यांच्या आत कलम १५२ अन्वये वरिष्ठांकडे अपील करता येते. ही मुदत दवडणे परवडणारे नाही. कारण काढलेल्या सभासदास निबंधकाने खास परवानगी दिल्याखेरीज एक वर्षपर्यंत त्या संस्थेत पुन्हा प्रवेश नाही, आणि त्या वर्षात दुसऱ्या सहकारी संस्थेचेही दार बंद असते.

थकबाकीदारास, किंवा पोटनियम मोडून माल परस्पर व्यापाऱ्यास विकणाऱ्यास संस्थेने पोसावे, असे माझे म्हणणे नाही. त्यास काढण्याची सोय नियमांत आहे व ती असावी. परंतु हिशेब विचारणे हा संस्थेस अपाय करणारा अपराध कसा, हे मला अद्याप कोणी समजावून दिलेले नाही.

अलीकडे शेतकरी उत्पादक कंपन्या पुष्कळ झाल्या आहेत. त्यांस वरील कायदा लागू नाही. सन २०१३ च्या कंपनी कायद्याचे प्रकरण २१-अ लागू आहे. सभासद उत्पादक राहिला नाही, किंवा नियमावलीतील पात्रता त्याने गमावली, अशी संचालक मंडळाची खात्री झाल्यास मंडळ त्याचे भाग दर्शनी किमतीस, अथवा स्वतः ठरवील त्या किमतीस, परत घेऊ शकते. कंपनीच्या हिताशी विरोधी असा धंदा त्याने धरला, तरीही सभासदत्व जाते. भाग परत घेण्यापूर्वी लेखी नोटीस व म्हणणे मांडण्याची संधी येथेही द्यावी लागते, आणि तंटा समेटाने वा लवादाकडून मिटवावयाचा असतो. मात्र तीन चतुर्थांश सभासदांचा व निबंधकाचा दुहेरी अडसर येथे नाही. त्यामुळे माझ्या मते कंपनीतील सभासदाची बाजू सोसायटीतील सभासदापेक्षा लंगडी आहे, आणि त्याचे बरेचसे भवितव्य नियमावलीत काय लिहिले आहे यावर अवलंबून राहते. मी पाहिलेल्या दोन कंपन्यांत ही नियमावली इंग्रजीत असून कार्यालयाच्या कपाटात होती. भागाचे पैसे भरण्यापूर्वी ती कोणी मागितली होती काय, असे विचारता चिटणीस नुसते हसले.