वेगवान इंजिनाचे ऑइल कोण ठरवते?

गाडी जोरात पळवायची तर ऑइल दाट हवे, आणि डब्यावर ‘फुल्ली सिंथेटिक’ लिहिले असले की पुढे काही बघायला नको, या दोन समजुतींवर आपल्याकडे इंजिन ऑइलची बरीचशी खरेदी चालते. पहिली समजूत गॅरेजमधून आली, दुसरी जाहिरातींतून. सहा-सात हजार आरपीएमपर्यंत चढणारे पेट्रोल इंजिन असलेला गाडीमालक या दोन्हींना हमखास बळी पडतो, कारण त्याला इंजिनाची खरोखर काळजी असते. माझे म्हणणे असे की इंजिन किती आरपीएमला जाते यावरून ऑइलचा दाटपणा ठरत नाही. तो ठरतो इंजिनाच्या आत ठेवलेल्या फटींवरून, पंपाच्या क्षमतेवरून आणि ऑइल प्रत्यक्षात किती तापते यावरून. सिंथेटिक ऑइल अशा इंजिनाला हवेच, पण तो प्रश्न दुसरा आहे. पहिला प्रश्न ग्रेडचा आणि मानांकनाचा.

आधी सात हजार आरपीएमला इंजिनात काय घडते ते पाहू. प्रत्येक पिस्टन मिनिटाला १४ हजार वेळा क्षणभर थांबून उलट्या दिशेने निघतो, म्हणजे सेकंदाला सुमारे २३३ वेळा. होंडा सिटीच्या दीड लिटर आय-व्हीटेक इंजिनाचा स्ट्रोक ८९.४ मिलिमीटर आहे. त्या हिशेबाने सात हजारांवर पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला जवळजवळ २१ मीटर होतो. आरपीएम दुप्पट झाला की पिस्टनच्या जडत्वातून येणारे बल चौपट होते आणि ते सगळे कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगवर येते. तिथे धातू आणि धातू यांच्यामध्ये असतो तो ऑइलचा काही मायक्रॉनचा थर. एवढे ऐकले की दाट ऑइलचा मोह होणे साहजिक आहे: बल जास्त, तर थरही जाड हवा. पण हा थर केवळ दाटपणातून तयार होत नाही. फिरणारा क्रँक ऑइलला पाचरीसारख्या फटीत ओढून नेतो आणि त्यातून दाब तयार होतो. वेग वाढतो तसा हा दाब तयार होणे सोपे जाते. कमी आरपीएमवर जो थर पातळ पडेल, तो जास्त आरपीएमवर वेगाच्याच जोरावर उचलला जातो. म्हणून प्रश्न फक्त थर जाड करण्याचा उरत नाही, तो थर सतत ताजा आणि थंड ठेवण्याचाही होतो.

याचा सर्वांत बोलका पुरावा दोन प्रसिद्ध इंजिनांत आहे. होंडाच्या १९९९ साली आलेल्या एस-२००० या गाडीचे दोन लिटरचे इंजिन ९ हजार आरपीएमपर्यंत जात असे. पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला २५ मीटर. जवळपास त्याच काळात बीएमडब्ल्यूने ई-४६ पिढीची एम-३ आणली. तिचे ३.२ लिटरचे सहा सिलिंडरचे इंजिन ८ हजारांपर्यंत जाई, पिस्टनचा वेग सेकंदाला २४ मीटरच्या वर. ताण जवळजवळ सारखाच. पण होंडाने अमेरिकेतल्या ग्राहकांना सांगितले १०डब्ल्यू-३०, आणि बीएमडब्ल्यूने सांगितले १०डब्ल्यू-६०. गरम झाल्यावरचा दाटपणा, म्हणजे ग्रेडमधला शेवटचा आकडा, पाहिला तर पहिल्याच्या मानाने दुसरे सरळ दुप्पट. आरपीएमवरून ऑइल ठरत असते तर ही तफावत शक्यच नव्हती. दोन्ही कंपन्यांच्या अभियंत्यांनी आपापल्या बेअरिंगमधली फट, पंप आणि ऑइलचे अपेक्षित तापमान धरून ग्रेड ठरवली होती. आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी: १०डब्ल्यू-६० सारखे दाट ऑइल सांगितलेल्या त्या एम-३ च्याच सुरुवातीच्या गाड्यांत रॉड बेअरिंगच्या तक्रारी आल्या आणि कंपनीला ती बेअरिंग बदलून देण्याची मोहीम काढावी लागली. बेअरिंगचे आयुष्य निव्वळ दाट ऑइलने राखता येत नाही, हे त्यातून दिसते.

दाट ऑइलवरचा विश्वास टिकून राहतो तो बऱ्याच अंशी ऑइल प्रेशरच्या आकड्यामुळे. दाट ऑइल घातले की प्रेशर वाढलेले दिसते आणि मनाला बरे वाटते. पण प्रेशर म्हणजे प्रवाह नव्हे. पंपाला एक रिलीफ व्हॉल्व्ह असतो. ठरावीक दाब ओलांडला की तो उघडतो आणि जास्तीचे ऑइल बेअरिंगकडे न जाता परत वळते. म्हणजे आकडा वर राहतो आणि बेअरिंगमधून वाहून उष्णता बाहेर काढणारे ऑइल मात्र कमी होते. शिवाय बेअरिंगमध्ये घर्षणातून निघणारी उष्णता दाटपणाच्या प्रमाणात आणि वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. दाट ऑइल जास्त आरपीएमवर स्वतःच स्वतःला तापवते, आणि तापून पातळ होते. ज्या जाडीसाठी ते घातले, तिचा काही भाग तिथेच खर्ची पडतो. त्यात आजच्या इंजिनांत ऑइलला केवळ वंगणाचे काम नाही. व्हीटेकमधली खीळ सरकवून जास्त आरपीएमचा कॅम कामाला लावणे, व्हॉल्व्हचे टायमिंग पुढे-मागे करणे, टायमिंग चेनचा ताण राखणे ही कामे ऑइलच्याच दाबावर चालतात. त्या यंत्रणेच्या बारीक वाहिन्या एका विशिष्ट दाटपणासाठी बनवलेल्या असतात. तिथे २०डब्ल्यू-५० ओतणे म्हणजे ज्या वैशिष्ट्यासाठी ते इंजिन घेतले, त्यालाच अडथळा करणे.

यावर ठरलेला आक्षेप येतो: हे सगळे थंड देशांत ठीक, आपल्याकडे विदर्भात मे महिन्यात ४५ अंश तापमान असते, पातळ ऑइल तिथे पाण्यासारखे होईल. आक्षेप प्रामाणिक आहे, म्हणून आकड्यांनीच उत्तर द्यायला हवे. चालत्या इंजिनात ऑइल साधारण ९० ते ११० अंशांवर असते आणि थर्मोस्टॅट, रेडिएटर त्याला त्याच पट्ट्यात राखायचा प्रयत्न करतात. बाहेर नागपूरचा उन्हाळा आहे की महाबळेश्वरचा हिवाळा, यातला फरक इंजिनातल्या ऑइलपर्यंत पोचतो तो बराच कमी होऊन. ऑइलचा दाटपणा प्रयोगशाळेत ४० आणि १०० अशा दोन तापमानांना मोजतात. ४० अंश म्हणजे नागपूरची उन्हाळी दुपार. त्या तापमानाला ५डब्ल्यू-३० ऑइलचा दाटपणा साठ सेंटिस्टोक्सच्या आसपास असतो आणि १०० अंशांवर तो दहा-अकरावर येतो. म्हणजे भर उन्हात उभ्या असलेल्या गाडीची चावी फिरवतानाही ऑइल इंजिनाच्या गरजेपेक्षा पाच-सहा पट दाटच असते. २०डब्ल्यू-५० चा आकडा तर ४० अंशांना दीडशेच्या पुढे जातो. आपल्या हवेत ऑइल गरजेपेक्षा पातळ होण्याची भीती इंजिन सुरू होताना तरी नाही. उलट पहिल्या काही सेकंदांत ते वर कॅमशाफ्टपर्यंत किती लवकर पोचते, हा प्रश्न नागपुरातही उरतोच.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. कंपन्या पातळ ऑइल सांगतात ते इंजिनाच्या भल्यासाठी नाही, सरकारच्या इंधन-कार्यक्षमतेच्या नियमांसाठी, असे जाणकार म्हणतात. यात तथ्य आहे. भारतात मोटारींना हे नियम २०१७ पासून लागू झाले, २०२२ पासून कडक झाले, आणि ०डब्ल्यू-२०, ०डब्ल्यू-१६ अशा ग्रेड त्याच प्रवाहातून आपल्याकडे आल्या. एकाच इंजिनाला एका देशात एक आणि दुसऱ्या देशात दुसरी ग्रेड सांगितल्याची उदाहरणेही आहेत. पण यावरून २०डब्ल्यू-५० कडे उडी मारणे चुकीचे. जास्त आरपीएमवर खरा निकष असतो तो १५० अंशांवर, प्रचंड कातरण चालू असताना मोजलेला दाटपणा. त्याला एचटीएचएस म्हणतात. २० ग्रेडला तो किमान २.६ असावा लागतो, ३० ला २.९, तर ५डब्ल्यू-४० ला ३.५. युरोपीय उत्पादकांच्या संघटनेचे ए३/बी४ हे मानांकन असलेले ऑइल ग्रेड ३० असली तरी ३.५ च्या खाली जाऊ शकत नाही. पुष्कळ गाड्यांच्या पुस्तिकेत एकाहून जास्त ग्रेड दिलेल्या असतात. ज्याची गाडी समृद्धी महामार्गावर तासन्तास १२० च्या वेगाने, भर उन्हात, पूर्ण भार घेऊन धावते किंवा ट्रॅकवर जाते, त्याने पुस्तिकेने परवानगी दिलेल्या ग्रेडपैकी वरची निवडावी. ५डब्ल्यू-३० ऐवजी ५डब्ल्यू-४०. इतके दाट होण्याला माझा काहीच विरोध नाही. पुस्तिकेत नसलेल्या ग्रेडला आहे.

आता सिंथेटिकचा मुद्दा. जास्त आरपीएमच्या इंजिनाला ते हवे याची कारणे ठोस आहेत. तापमान दर दहा अंशांनी वाढले की ऑइलच्या ऑक्सिडेशनचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. सतत १२० अंशांवर राबणारे मिनरल ऑइल लवकर घट्ट होऊन गाळ धरते, सिंथेटिक बराच काळ तग धरते. ते बाष्पीभवनाने कमी उडते. शिवाय तापमानातल्या चढउताराने त्याचा दाटपणा मुळातच कमी बदलतो, त्यामुळे ग्रेडचा पल्ला गाठण्यासाठी त्यात पॉलिमर कमी घालावे लागतात. हे महत्त्वाचे, कारण पॉलिमरच्या लांब साखळ्या वेगवान इंजिनातल्या कातरणाने तुटतात आणि ४० ग्रेडचे ऑइल काही हजार किलोमीटरांत ३० सारखे वागू लागते. पण डब्यावरचा ‘सिंथेटिक’ हा शब्द यातल्या कशाचीच हमी देत नाही. १९९९ साली अमेरिकेत मोबिलने कॅस्ट्रॉलच्या ‘सिंटेक’ विरुद्ध तक्रार केली होती. खनिज तेलावरच हायड्रोजनची प्रखर प्रक्रिया करून केलेल्या तिसऱ्या गटाच्या तेलाला सिंथेटिक म्हणू नये, असे तिचे म्हणणे. जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या तिथल्या मंडळाने निर्णय कॅस्ट्रॉलच्या बाजूने दिला आणि तेव्हापासून हा शब्द सैल झाला. जर्मनीत तो अधिक कडकपणे वापरतात, आपल्याकडे नाही. तिसऱ्या गटाचे तेल वाईट असते असे मुळीच नाही, त्यातली कित्येक उत्तम आहेत. मात्र चांगले-वाईट ठरवायला शब्द पुरत नाही. त्यासाठी चाचण्या लागतात, आणि त्या चाचण्यांची नावे डब्याच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत असतात.

ती अक्षरे वाचायची सवय लागायला हवी. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचा एसएल हा निकष २००१ चा आहे, एसएन २०१० चा, एसपी २०२० चा आणि एसक्यू २०२५ चा. हा फरक कागदी नाही. आज आपल्याकडे खपणाऱ्या एक-दीड लिटरच्या टर्बो पेट्रोल इंजिनांत, विशेषतः थेट इंजेक्शन असलेल्यांत, कमी आरपीएमवर अचानक जोर मागितला की इंधन ठिणगीच्या आधीच पेट घेण्याचा धोका असतो, आणि त्या एका झटक्यात पिस्टन तडकू शकतो. ऑइलमधले कॅल्शियमचे प्रमाण याला कारणीभूत ठरते असे आढळले, म्हणून त्याचा काही भाग मॅग्नेशियमने बदलला गेला. या धोक्याची आणि टायमिंग चेनच्या झिजेची परीक्षा एसपीमध्ये आहे. म्हणजे सहा हजार आरपीएमच्या काळजीने महागडे पण जुन्या निकषाचे ऑइल घेणारा माणूस आपले इंजिन दीड हजार आरपीएमवर, घाटात वरच्या गिअरमध्ये गमावू शकतो. युरोपीय गाड्यांच्या बाबतीत तर कंपनीची स्वतःची मान्यता, मर्सिडीजची २२९.५ किंवा फोक्सवॅगनची ५०२ ००, हीच शेवटची कसोटी. तिथेही ‘या मानांकनाला योग्य’ आणि ‘मान्यताप्राप्त’ यांत फरक आहे. पहिला उत्पादकाचा दावा असतो, दुसऱ्यात गाडीच्या कंपनीची मंजुरी असते.

खर्चाचे म्हणाल तर पुस्तिकेने सेमी-सिंथेटिक सांगितलेली आणि शहरात शांतपणे चालणारी गाडी त्यावरच ठेवावी, उगाच पैसे घालवू नयेत. सिंथेटिकने जुन्या इंजिनाचे सील गळतात ही भीती पहिल्या पिढीतल्या ऑइलपासून चालत आली आहे, आजच्या ऑइलमध्ये सील मऊ ठेवणारी द्रव्ये असतात. आरपीएम सतत वर ठेवणाऱ्याने मात्र ऑइल बदलायला दहा हजार किलोमीटरची वाट पाहू नये आणि मधल्या काळात डिपस्टिक पाहत राहावे. जास्त आरपीएमवर चांगले इंजिनही थोडे ऑइल खाते आणि पातळी खाली गेली की वळणावर पंप हवा ओढू शकतो. वरच्या खुणेपलीकडे भरणेही तितकेच घातक, कारण क्रँक ऑइलमध्ये आपटून फेस करतो आणि फेसाला भार पेलत नाही.

उरलेली अडचण गाडीमालकाच्या हातात नाही. सर्व्हिसच्या बिलावर बहुतेक वेळा नुसते ‘इंजिन ऑइल’ आणि लिटर एवढेच छापलेले असते, आणि ड्रममधून आलेले ऑइल कोणत्या ग्रेडचे, कोणत्या मानांकनाचे हे विचारल्याशिवाय कळत नाही. बिलावर कंपनी, ग्रेड आणि मानांकन या तिन्ही गोष्टी छापणे सर्व्हिस सेंटरना सक्तीचे करावे. औषधाच्या दुकानात आपण नुसते ‘गोळ्या’ लिहिलेले बिल घेत नाही. आणि तोपर्यंत ग्राहकाने गाडी ताब्यात घेण्याआधी हे तिन्ही तपशील हाताने लिहून, सही-शिक्क्यासह मागून घ्यावेत. वॉरंटीचा वाद उभा राहिला तर उपयोगी पडणारा कागद तोच असेल.